नऊ नंबरचा आवाज

रघुवीर हेरेकर सरांनी बेळगावातल्या एका हायस्कुलात उभी हयात गणित शिकवलं, आणि आपण गावाला गणितापेक्षा झोपच जास्त दिली, असं ते स्वतःच सांगतात. जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास त्यांचा असला की मागच्या बाकावरची पोरं आधीच दप्तराची उशी करून ठेवायची. आवाज मोठा होता, स्वच्छ होता, शब्दन् शब्द कळायचा. फक्त त्याला चढ नव्हता आणि उतार नव्हता. ‘क्ष बरोबर चार’ आणि ‘उद्या शाळेला सुट्टी’ ही दोन्ही वाक्यं त्यांच्या तोंडून एकाच सुरात बाहेर पडायची, त्यामुळं सुट्टीदिवशीही दोन-चार पोरं येऊन फाटकाशी उभी असायची. लग्न ठरताना ‘मला तुम्ही पसंत आहात’ हे त्यांनी विनोदिनीबाईंना ज्या सुरात सांगितलं, त्याच सुरात बाई पुढं संसारभर गॅस संपल्याच्या बातम्या ऐकत आल्या.

निवृत्तीनंतर सर टिळकवाडीतल्या घरी झाडांना पाणी घालत, पेपर वाचत सुखात होते. अशात एक दिवस शाल्मली मुतगेकर दारात उभी राहिली. ही त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता घरात बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणारी आणि उरलेल्या वेळात गोष्टी लिहिणारी.

“सर, मी मोबाइलवर ऐकायची एक मालिका करतेय. विज्ञानकथा आहे, साहसाची. त्यातली मुख्य भूमिका तुम्ही करायची.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आपल्यात काहीतरी आहे आणि ते गावाच्या ध्यानात येत नाही, असा संशय त्यांना तरुणपणापासून होताच.

“मीच का?”

“तुमच्यासारखा आवाज कुणाचाच नाही, सर. मी पुष्कळ जणांना बोलवून बघितलं. प्रत्येकाच्या आवाजात काही ना काही येतंच. तुमच्या आवाजात काहीच येत नाही.”

सरांनी हे स्तुती म्हणून घेतलं. संध्याकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरायला येणाऱ्या सगळ्यांना बातमी कळली होती, आणि ज्यांना कळली नव्हती त्यांना सरांनी थांबवून सांगितली. संहिता हातात पडली दुसऱ्या दिवशी. मुख्य भूमिका एका यंत्राची होती.

गोष्ट अशी होती. आकाशातून एक यान कणकुंबीच्या जंगलात कोसळतं. त्यातून नऊ नंबरचं यंत्र तेवढं धडधाकट बाहेर येतं. रानात आलेल्या एका म्हाताऱ्या बाईला वाटतं, हा सर्व्हेला आलेला सरकारी माणूस आहे आणि ह्याची वाट चुकलीय. ती त्याला घरी नेते, नवल्या म्हणून हाक मारते आणि लपवून ठेवते. यंत्राचे मालक जीपगाड्या घेऊन माग काढत फिरतात. पळापळीत, दर भागात, नवल्या माणसाचं एकेक शिकत जातो. आधी खोटं बोलायला, मग घाबरायला, मग रुसायला.

“तुम्हाला काही अवघड नाही जाणार,” संहिता चाळून विनोदिनीबाई म्हणाल्या. “निदान सुरुवातीला तरी.”

म्हातारीचं काम नागुबाईकडं होतं. नागुबाई बेळगुंदीच्या. शाल्मलीनं त्यांना भाजी मार्केटात कुणाला तरी झापताना ऐकलं होतं आणि तिथंच, त्यांचं झापून व्हायची वाट बघून, भूमिका दिली होती. रेकॉर्डिंग शहापुरात, शाल्मलीच्या काकांच्या रिकाम्या गोदामात चालायचं. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना जुन्या वाकळा टांगल्या होत्या. लग्नात साउंडचं काम करणारा धवल यंत्रं सांभाळायचा.

पहिल्याच दिवशी सर माइकसमोर उभे राहून म्हणाले, “मी नऊ आहे. माझे बाकीचे आठ जळाले. मला पाणी नको.” धवलनं कानावरचा हेडफोन काढून शाल्मलीकडं बघितलं. नागुबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “अगं बाई, मास्तर तर खरंच मशीन हाय की.”

मालिका सुरू झाली आणि लोकांना ती आवडली. खानापूरपासून निपाणीपर्यंत लोक ऐकायला लागले. ज्या आवाजानं शाळेत झोप यायची, त्याच आवाजाच्या आता पोरं बसस्टॉपवर नकला करायची. सरांच्या डोक्यात मात्र भलतंच शिरलं. त्यांनी उन्हाळ्यात गळ्याला मफलर गुंडाळायला सुरुवात केली. सकाळ-संध्याकाळ मिठाच्या गुळण्या सुरू झाल्या. घरात कांदा-बटाट्याचं बोलणंही ते खर्जात करू लागले. एका मुंजीत कुणीतरी आइसक्रीम पुढं केलं, तर त्यांनी ते हात आडवा करून नाकारलं आणि ‘का?’ असं कुणीतरी विचारावं म्हणून बराच वेळ तसेच उभे राहिले. कुणी विचारलं नाही. आइसक्रीम मग दुसऱ्यानं खाल्लं.

अडचण आली ती नवल्याला हसायचं होतं त्या भागात. म्हातारी नवल्याला धोतर नेसवते आणि तो पहिल्यांदा हसतो, असा प्रसंग होता. सर माइकसमोर हसले. धवल म्हणाला, “सर, हे खोकल्यासारखं वाटतंय.” परत हसले. “आता शिंक.” नागुबाईंनी त्यांना गावातले दोन-तीन किस्से सांगितले, त्यांतला एक तर शाल्मलीसमोर सांगण्यासारखा नव्हता. धवल आणि शाल्मली हसून लोळले. सर म्हणाले, “चांगला आहे.”

घरी आल्यावर त्यांनी बायकोला विचारलं, “अगं, मी हसतो कसा?”

“तुम्ही हसत नाही. तुम्ही नाकातनं वारा सोडता.”

दुसऱ्या दिवशी धवलनं तो नाकातला वारा टिपून घेतला. प्रेशर कुकरच्या पहिल्या शिट्टीआधी येतो तसा तो आवाज होता. ऐकणाऱ्यांना तो इतका आवडला, की नवल्याचं हसणं म्हणून तेवढाच तुकडा कापून लोक एकमेकांना पाठवू लागले. सरांना तो सर्वांत आधी त्यांच्याच भाच्यानं पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘मामा, हे अगदी तुमच्यासारखं वाटतंय.’

पुढं शेवटचा भाग आला. जीपवाले गावात शिरतात. म्हातारी नवल्याला गुंजी स्टेशनवर घेऊन जाते. मालगाडीत बसून त्याला गोव्याकडं निघून जायचं असतं. संहितेत शाल्मलीनं सरळ लिहिलं होतं: ‘नवल्या रडतो.’

सरांनी तयारीत कसूर ठेवली नाही. आरशासमोर उभं राहून जवळची, वारलेली माणसं आठवली. आठवताना त्यांना फक्त त्यांच्या वयांची वजाबाकी सुचली. कांदा चिरला, तर डोळ्यांतून पाणी आलं पण आवाज कोरडाच राहिला. मग न्हाणीघरात कोंडून घेऊन त्यांनी मोठ्यानं हुंदके काढून बघितले. शेजारच्या यशोदाबाई धावत आल्या आणि विनोदिनीबाईंना हळूच विचारू लागल्या, “कोण गेलं हो?”

“कोणी नाही. नाटकाचं आहे,” बाई म्हणाल्या. यशोदाबाईंचा विश्वास बसला नाही. त्या जाताना म्हणाल्या, “स्वयंपाक करू नका, मी भात आणून देते.”

रेकॉर्डिंगला सर तेच हुंदके घेऊन गेले. गोदामभर आवाज घुमला. शेवटी शाल्मली म्हणाली, “सर, आता तो माणूस झालाय खरा. पण गावात तमाशा घेऊन आलेला माणूस झालाय.”

तेव्हा धवलनं एक तोड सुचवली. सरांचं इतकं रेकॉर्डिंग जमलं होतं, की कंप्युटर आता त्यांच्याच आवाजात रडू शकत होता. “सर, तुमची हरकत नसली तर करून बघू?”

सरांनी मान हलवली. कंप्युटर रडला. आवाज सरांचाच होता, पण त्यात एक कापरं होतं, शब्दाच्या शेवटी एक आवंढा होता. ‘मला तुझी आठवण येईल’ हे वाक्य असं आलं, की नागुबाईंनी डोळ्यांना पदर लावला. गंमत म्हणजे ते ऐकून खुद्द सरांना गलबलून आलं, नाक भरून आलं. पण माइक बंद होता. धवलनं धडपडून सुरू करेपर्यंत सर सावरले होते.

तो तुकडा त्यांनी मोबाइलवर घरी आणला आणि विनोदिनीबाईंना ऐकवला.

“कोण हो हा?”

“मीच. म्हणजे कंप्युटरनं केलेला मी.”

बाईंनी परत एकदा ऐकलं. “चांगला बोलतोय. पण ह्याच्याशी मी संसार केलेला नाही.” त्या निवडायच्या मेथीकडं वळल्या. “तुम्हाला रडायला आलं की तुम्ही झाडांना पाणी घालता. सासूबाई गेल्या तेव्हा आठवडाभर घालत होता. जास्वंद कुजली त्यात. विसरलात?”

सर विसरले नव्हते. जास्वंद का कुजली ते मात्र त्यांना आजच कळलं. इतकी वर्षं ते नर्सरीवाल्याला बोल लावत आले होते. ते उठून अंगणात गेले, नळाला हात घातला आणि काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाल्मलीला सांगितलं, “कंप्युटरचंच वापर. यंत्राचं काम यंत्रानं केलेलं बरं. मी मध्येच घुसलेला माणूस.”

“एकदा शेवटचं करू या सर. मग बघू,” शाल्मली म्हणाली.

सर सकाळपासून उपाशी होते. रिकाम्या पोटी रडू लवकर येतं, असं मैदानावरच्या एका निवृत्त कंपाउंडरनं त्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं. रडू काही आलं नाही, भूक मात्र आली. प्रसंग सुरू झाला. नागुबाई संहितेप्रमाणं म्हणाल्या, “जा नवल्या. गाडी आली बघ.” सरांनी तोंड उघडलं आणि त्याच वेळी त्यांच्या पोटातून लांबलचक गुरगुर आली. माइकनं ती इमानानं टिपली.

नागुबाईंनी संहिता खाली ठेवली. “सकाळधरनं काय खाल्लं न्हाईस व्हय रं?”

हे वाक्य लिहिलेलं नव्हतं. सर गोंधळले. “नाही,” ते म्हणाले.

“का?”

“वेळ मिळाला नाही. गाडी येणार होती.”

“गाडी काय, आज एक यील, उद्या एक यील. ही भाकरी बांधून आनलीया. खिशात घाल.”

“मला खिसा नाही.”

पुढं काय बोलायचं ते सरांना कुठंच लिहिलेलं सापडेना. “हातात घेतो,” ते म्हणाले, आणि मग जरा थांबून, “दोन्ही हातात घेतो.”

आवाज तसाच होता, सपाट. फक्त शेवटचा शब्द कुठंतरी अडखळून आला, गाडी रुळाच्या सांध्यावरून जाते तसा. सर चूक झाली म्हणून माफी मागणार होते. शाल्मलीनं हात वर केला. “परत नको, सर.” धवल हेडफोन न काढता तसाच बसून राहिला. नागुबाई तेवढ्या म्हणाल्या, “मास्तर, खरंच उपाशी हायसा काय? येडं की खुळं म्हनायचं तुमास्नी.” त्यांनी पिशवीतली स्वतःची भाकरी आणि झुणका काढून त्यांच्या हातात दिला, आणि सरांनी ती भाकरी दोन्ही हातांत धरून शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.

शेवटचा भाग तसाच गेला, पोटाच्या गुरगुरीसकट. पुष्कळांनी लिहिलं की रडू आलं. काहींनी यंत्राच्या मोटरीचा आवाज फार खरा जमलाय म्हणून धवलची पाठ थोपटली. निपाणीच्या एका ऐकणाऱ्यानं मात्र लांबलचक लिहिलं, की आजकाल माणसं घेतात कुठं, हा आवाज कंप्युटरचा आहे हे शहाण्या माणसाला लगेच कळतं. सरांना राहवलं नाही. त्यांनी आपलं पूर्ण नाव, शाळा, विषय, सगळं घालून त्याला सविस्तर उत्तर दिलं. त्यानं परत लिहिलं, ‘हे उत्तरही कंप्युटरनंच लिहिलेलं दिसतंय.’ सरांनी ते बायकोला वाचून दाखवलं. बाई म्हणाल्या, “त्याचं तरी काय चुकलं?”

पुढच्या रविवारी नागुबाईंनी दोघांना बेळगुंदीला जेवायला बोलावलं. पुढच्या सोप्यात त्यांचे यजमान भावकू बसले होते. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून नातीनं मोबाइल त्यांच्या कानाशीच धरून शेवटचा भाग लावला होता. ऐकून झाल्यावर त्यांनी नातीचा हात बाजूला सारला.

“मशीन बरं हाय,” ते म्हणाले. “ती म्हातारी तेवढी लई कटकटी.”

चुलीपुढं बसलेल्या नागुबाईंच्या हातातली पळी थांबली. विनोदिनीबाईंनी पदरात तोंड लपवलं.

“व्हय, आन् तुम्ही काय केलंय त्यात, मास्तर?” भावकूंनी विचारलं.

“मी यंत्र,” सर म्हणाले.

भावकूंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत निरखून बघितलं आणि स्वतःच्या बाजूला पाट सरकवला. “असू द्या. कुनीतरी करायला पायजेच की. बसा.”