पाराचं भाडं कोण भरणार?

फुकटच्या जागेत माणूस जरा जास्तच बोलतो, आणि बोललेलं कुठंतरी साठत जातं हे त्याच्या गावीही नसतं. ‘पेठेचा पार’ चालवून माझ्याकडे जे किस्से साठलेत, ते सगळे याच एका सवयीचे.

भवानी पेठेत माझे कॉम्प्युटर क्लासेस आहेत. बारा-चौदा वर्षांपूर्वी हौस म्हणून पेठेतल्या लोकांसाठी ही वेबसाइट काढली. कुणीही यावं, टोपणनावानं लिहावं, भांडावं. लोक आले आणि मन लावून भांडले. पुढं निम्मे मोबाइलच्या ग्रुपांवर पांगले, जुनी भांडणं मात्र इथंच राहिली. सर्व्हरचं भाडं दरवर्षी माझ्याच कार्डावरनं कटायचं. यंदा बायकोनं ते बघितलं आणि विचारलं, "लोकांची भांडणं सांभाळायचे पैसे आपण का भरायचे?"

इतका मुद्देसूद प्रश्न पारावर आजवर कुणी विचारला नव्हता.

*

मी तोच प्रश्न पारावर टाकला. हे सगळं जपायचं असेल तर पैसे कुणी द्यावेत? म्हटलं, दोन दिवसांत निकाल लागेल.

लोक तुटून पडले. कुणी म्हणालं महापालिकेनं द्यावेत, कुणी म्हणालं सरकारनं. एक जण म्हणाला हा गावाचा ठेवा आहे, ठेव्याला पैशात मोजू नये. आणि ठेवा कसा असतो ते दाखवायला त्यानं स्वतःच्या लग्नाचा अख्खा अल्बम चढवला. महिन्याभरात माझ्या प्रश्नाखालची ही चर्चा पारावरचा सगळ्यात लांब धागा झाली. मग सर्व्हरवाल्यांचा मेल आला, तुमची जागा भरली आहे, मोठा प्लॅन घ्या!

*

मदतीला आला एकटा मल्लप्पा. बोळाच्या तोंडाशी त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि मशीनमध्ये कागद अडकला की परत कन्नड. म्हणाला, "सर, कंप्युटरचा काय भरवसा? कागदावर काढू की. कागद माझा." मला भरून आलं. पेनड्राइव्ह त्याच्या हातात ठेवला.

तिसऱ्या दिवशी काम थांबलं. जाऊन बघतो तर मल्लप्पा चष्मा लावून वाचत बसलेला. दहा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलं होतं, ‘मल्लप्पाकडं आधारकार्डाची झेरॉक्स काढली की फोटो कुणाचा हे मल्लप्पालाच विचारावं लागतं.’ मल्लप्पानं शेजारच्या समासात लाल पेनानं उत्तर लिहिलं होतं, की त्या साली टोनर खराब मिळत होता. पुढच्या पानावर पुढचं उत्तर. आता दोन गठ्ठे तयार आहेत, त्यात चर्चा कमी आणि मल्लप्पा जास्त आहे.

*

एका वाचनालयाचे ग्रंथपाल आमच्याच पेठेत राहतात. शिस्तीचा माणूस, शर्टाची इस्त्री कधी मोडलेली बघितली नाही. त्यांना म्हटलं, तुमच्याकडं एक कपाट द्या. त्यांनी मल्लप्पाच्या गठ्ठ्यातली चार पानं चाळली आणि नाक मुरडलं. "भाषा बघा ही! त्यातून हा ‘चादरवाला सत्त्याहत्तर’. असली घाण आमच्या कपाटात यायची नाही."

मी पाराचा मॉडरेटर. कुठलं खातं कुणाच्या ईमेलवरनं उघडलंय ते मला दिसतं. चादरवाला सत्त्याहत्तर माझ्यासमोर बसून चहा मागवत होते. मी चहा घेतला, आभार मानले आणि उठलो.

*

एका माजी नगरसेवकांनी पाच मिनिटांत होकार दिला. सगळा खर्च त्यांचा. फक्त निवडणुकीच्या साली त्यांच्यावर जो धागा निघाला होता, तेवढा काढून टाकायचा. बाहेर पडलो तर कोपऱ्यावर त्यांचे विरोधक उभे. त्यांचीही सगळा खर्च द्यायची तयारी होती, फक्त तोच धागा पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात पाहिजे होता.

दोघांचे पैसे एकदम घेता आले असते तर मी कशाला नाही म्हणालो असतो?

*

पारावरच्या एका धाग्याला आम्ही सगळेच हसायचो. ‘पाणी आलं का?’ आमच्याकडं नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्याचाही नेम नाही, आणि येतं त्या दिवशी घरात माणूस लागतो. नरसय्या काकांचं घर पाण्याच्या व्हॉल्व्हला लागून. लूमवरनं रिटायर झालेले, घरची भाषा तेलुगू, बोलणं सगळ्याच भाषांत कमी. चावीवाल्यानं चावी फिरवली की काका पारावर एकच शब्द लिहायचे, ‘आलं.’ पेठेतले मोबाइल वाजायचे, बादल्या निघायच्या. पानंच्या पानं तोच शब्द.

काका मागच्या उन्हाळ्यात गेले. दिवसकार्य झालं आणि एका सकाळी पुन्हा मोबाइल वाजला. नरसय्या काका, ‘आलं.’ लिहिणाऱ्या होत्या लक्ष्मीकाकू, काकांच्या बायको. काकांचाच फोन, काकांचंच खातं. तेवढा एक शब्द लिहायला त्या शिकल्या होत्या.

पार बंद होणार असं कानावर आलं तेव्हा काकू घरी आल्या. म्हणाल्या, "पुसू नका, सर. ह्ये घरात बोलायचे न्हाईत. जे काय बोलले ते तितंच हाय." मी म्हणालो, बघू. त्या ‘बघू’ची मला अजून लाज वाटते.

*

शेवटी क्लासमध्ये मीटिंग बोलावली. सुरुवातीलाच सांगून टाकलं, आज हात वर करून ठरवा. बंद करायचं ठरलं तर मी आत्ता इथंच सगळं पुसतो. काहीच ठरलं नाही तर उद्या सकाळी माझ्या कार्डावरनं वर्षाचे पैसे आपोआप कटतील.

ग्रंथपाल म्हणाले, मराठीच्या भल्यासाठी पुसलेलंच बरं. मल्लप्पा म्हणाला, त्याची उत्तरं अजून पुरी व्हायची हायत. बाकीचे म्हणाले ठेवायला पाहिजे, पण खर्चाचं बघा. मी वर्गणीचं नाव काढलं तर तेच म्हणाले, मग बंद केलेलंच बरं. लक्ष्मीकाकू मागच्या बाकावर बसल्या होत्या.

मी म्हणालो, बंद करायचं म्हणणाऱ्यांनी हात वर करा. एक हात आला, चार आले, मग भराभर यायला लागले. मी मोजायला घेतले आणि खोलीतले सगळे मोबाइल एकदम वाजले.

नरसय्या काका, ‘आलं.’

वरचे हात खाली आले. चपलांचा एकच गोंधळ उडाला. ग्रंथपाल मल्लप्पाच्या चपला घालून पळाले, त्यांच्यामागं मल्लप्पा अनवाणी. मिनिटभरात खोली रिकामी.

मीही लॅपटॉप मिटला. आमचा नळ त्याच लाइनवर. दाराशी जाऊन मागं बघतो तर काकू बाकावर तशाच बसलेल्या, मांडीवर फोन.

"काकू, तुम्ही नाही गेलात पाणी भरायला?"

"जाते की सावकाश," काकू म्हणाल्या. "पाणी उद्या हाय."