सोमवारची सब्बल

आक्का गेली तेव्हा मी कुणाच्या तरी ब्लाउजची बाही कापत होते. तिचा मुलगा बालाजी दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, आई गेली." मी मान वर न करता विचारलं, "कुठं गेली?" दीड-दोन महिने ती अंथरुणाला खिळलेली होती, हे मला माहीत नव्हतं का? रोज संध्याकाळी मीच जाऊन बसत होते. पण ही बाई जागेवर कधी सापडायचीच नाही, ती सवय माझ्या तोंडाला अजून होती. मग बालाजीचा चेहरा दिसला आणि मी कात्री खाली ठेवली.

त्याच्या आदल्याच आठवड्यात ती मला म्हणाली होती, "सुनंदा, माझ्यामागं हे लोक नाली झाकतील गं." मी म्हटलं, "न्हाई झाकणार. कोण झाकतंय?" तर माझ्याकडं एकटक बघत म्हणाली, "खोटं बोलून राहिली तू. देवीदास पह्यला झाकंल. त्यानं माझ्या तोंडाकडं बघून उघडी ठेवली." मी तिला पाणी पाजलं, पदरानं तोंड पुसलं. मलाही तेच वाटत होतं.

आता ही नाली कसली, ते सांगते. हिंगोलीच्या बाजारात आमची गल्ली उताराला आहे. वरच्या अंगाला देवीदासभाऊंचं कापडाचं दुकान, खाली माझं शिलाईचं, आणि अगदी शेवटाला कौसल्याआक्काची पिठाची गिरणी. सगळ्या बाजाराचं पाणी आमच्या गल्लीतून जाऊन पुढं कयाधू नदीला मिळतं, म्हणजे मिळायला पाहिजे. पण मोठा पाऊस झाला की ते आमच्याकडंच मुक्कामाला थांबायचं. मग प्रत्येकानं काय करावं? ज्याच्या दुकानात पाणी शिरलं, त्यानं आपला ओटा विटांच्या एका थरानं वर चढवावा. पुढच्या पावसात पाणी शेजाऱ्याकडं. की मग शेजाऱ्यानं दोन थर चढवावेत. असं करत करत आमचे ओटे इतके उंच झाले, की म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला हात देऊन वर ओढून घ्यावं लागायचं. आणि हे सगळे ओटे उभे होते नालीच्या डोक्यावर. नाली खाली, वर शहाबादी फरशी, त्यावर ओटा. आत काय अडकलंय ते बघायला कुणालाच वाव नव्हता. पाणी आलं की आम्ही आभाळाला शिव्या द्यायचो.

आक्का गोरेगावकडची. लग्न होऊन हिंगोलीत आली, नवरा लवकर गेला, तेव्हापासून गिरणी तिनंच चालवली. आवाज असा, की पट्टा फिरत असताना बोललेलं पलीकडच्या चौकात ऐकू जायचं. केसांत, भुवयांवर कायम पीठ. मी तिला चिडवायची, "आक्का, तुझ्या भाकरीला वेगळं पीठ लागायचं न्हाई, नुस्ती मान झटक." ती म्हणायची, "आन् तुझ्या गोधडीला चिंध्या." आम्हा दोघींचं असंच चालायचं.

एका श्रावणात भरदुपारी ढगफुटीसारखा पाऊस आला आणि गिरणीत गुडघाभर पाणी झालं. लोकांची दळणाला आलेली ज्वारी भिजली. लोकांची ज्वारी, म्हणून आक्का पेटली. दाराआड ठेवलेली सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, तिनं उचलली आणि आपल्याच ओट्यावर घालायला सुरुवात केली. आम्हाला वाटलं, डोकं फिरलं बाईचं. तिला फक्त आतलं पाणी बाहेर जायला वाट करायची होती. पण खालची फरशी फुटली, तशी तिच्या दारातल्या पाण्याला भोवरा पडला आणि ते आत ओढलं जायला लागलं. आम्ही सगळे आपापल्या ओट्यावरून बघत होतो. आक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "ही तर जित्ती हाय की रे. आपणच हिच्या छातीवर बसलोय."

दुसऱ्या दिवशी तिनं उरलेला ओटाही फोडला. हे लिहायला सोपं आहे. तो ओटा तिच्या सासऱ्यानं बांधलेला. लक्ष्मीपूजनाची रांगोळी त्यावर, बाजाराला आलेल्या खेड्यातल्या बायकांची बसायची जागा तीच. ती एकेक वीट काढताना रडत होती आणि मी मदतीला गेले तर "डोळ्यात पीठ गेलं" म्हणून माझ्यावरच खेकसली. नालीवर तिनं उचलता येईल अशी लोखंडी जाळी टाकून घेतली. त्या दिवाळीला रांगोळीला जागा नव्हती, तर जाळीच्या कडेनं पणत्या लावल्या. गल्लीनं फार हसून घेतलं. देवीदासभाऊ म्हणाले, "आक्का, तुमी तर नालीची पूजा करून राहिल्या." ती म्हणाली, "व्हय. लक्ष्मी वाहून जाऊ नये म्हणून."

पण एकट्या गिरणीपुढची नाली उघडून काय होणार? वर पाणी तुंबलेलंच. पुढच्या मोठ्या पावसात ते देवीदासभाऊंच्या उंच ओट्यावरूनही आत गेलं. लग्नसराईचा माल खालच्या फळीवर होता. आक्का सब्बल घेऊन भिजत त्यांच्या दारात गेली. आता ही बोलणार, सगळा हिशेब चुकता करणार, म्हणून मी कान टवकारले. ती एवढंच म्हणाली, "भाऊ, तुमचे तागे मी आन् सुनंदा वर ठिवतो. तुमी फरशी काढा." ते म्हणाले, "माझ्या बापाचा ओटा हाय आक्का." ती म्हणाली, "माझ्या सासऱ्याचा व्हता." भाऊंनी धोतर खोचलं.

तिथून एकेक ओटा उतरला. पालिकेची माणसं येऊन गाळाच्या गाड्या भरून घेऊन गेली. पण आक्काला पक्कं माहीत होतं, की नाली एकदा काढून भागत नाही. सोमवारी गिरणी बंद. त्या सकाळी ती सब्बल घेऊन यायची, आपल्या जाळीवर दोनदा ठणठण वाजवायची आणि ओरडायची, "उठा सावकार लोकहो." मग जो तो पुटपुटत, जांभया देत आपल्यापुढची जाळी उचलायचा आणि कचरा ओढायचा. देवीदासभाऊ सगळ्यांत जास्त कुरकुरायचे. त्या वर्षापासून आमच्या दुकानांत पाणी शिरलं नाही.

आक्का अंथरुणावर असताना बालाजी वाजवायचा, पण तिच्यामागं सोमवार आला आणि सब्बल वाजली नाही. दुसरा आला, नाही. बालाजी दुःखात, मी तिच्या आठवणीनं रडण्यात. जाळ्यांवर पिशव्या साचल्या. आणि तेराव्यानंतर बघते तर देवीदासभाऊंच्या दुकानापुढं विटांचा ढीग. माझं टाळकंच फिरलं. तशीच टेप गळ्यात अडकवून गेले आणि म्हटलं, "भाऊ, राख थंडी तरी होऊ द्यायची. ओटा बांधायची इतकी घाई काहून?" ते म्हणाले, "बाई, तुमी तुमचं शिवणं बघा." त्या दिवशी मी तीन बाह्या उलट्या जोडल्या.

पुढच्या सोमवारी सकाळी मशीनला तेल घालत होते, तर गिरणीच्या बाजूनं आवाज आला. ठण ठण ठण. तेलाची कुपी हातातच राहिली. बाहेर आले, तर देवीदासभाऊ आक्काच्या दारात, धोतर खोचलेलं, हातात तिची सब्बल. बालाजी नालीत उतरून त्यांच्याकडून त्या ढिगातल्याच विटा घेत होता. गिरणीपुढच्या नालीची एक बाजू ढासळली होती. आक्का आजारात सारखी तेच सांगायची आणि आम्ही हो हो म्हणायचो. भाऊंनी ऐकलं होतं.

मला बघून म्हणाले, "काय बघून राहिल्या? जाळी उचला तुमची."

परवा आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला. मी दारात स्टूल टाकून बसले. पाणी वरून आलं, जाळ्यांतून खाली गेलं, आक्काच्या दारापुढून खळखळत कयाधूकडं निघून गेलं. गिरणी चालूच होती. मी एकटीच मोठ्यानं म्हटलं, "आक्का, न्हाई झाकली गं." या वेळी ते खरं होतं.

सब्बल अजून तिच्या दाराआडच असते. सोमवारी भाऊ ती घेतात. आक्का दोनदा वाजवायची, हे तीनदा वाजवतात. मी दर वेळी त्यांना सांगते, दोनदा वाजवा. ते म्हणतात, "दोन तिच्या. एक माझी."