तिकडला कावळा

कर्मचाऱ्याचे नाव : सटवाजी. मुक्काम शिरड शहापूर, तालुका औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली. वय चव्वेचाळीस. पद : साहाय्यक स्वयंपाकी (कंत्राटी), दक्षिण ध्रुव मोहीम. ओळखखूण : उजव्या मनगटावर तेलाने भाजल्याचा व्रण. वर्तणूक : समाधानकारक, एक प्रसंग वगळता. सदर प्रसंगी कर्मचाऱ्याने वन्य पक्ष्यास शिजवलेले अन्न पुरवून त्याच्या नैसर्गिक आहारात हस्तक्षेप केला, तसेच परकीय वनस्पतीचे बी उघड्यावर ठेवले. कारण विचारले असता ‘घरगुती’ असे सांगितले.

सटवाजीनं आधी लग्नाच्या पंगती रांधल्या, मग सहा वर्षं लेहच्या एका खानावळीत पोळ्या लाटल्या. थंडी सोसतो, एवढ्या एका गुणावर त्याला वर्षभरासाठी तिकडं बर्फात धाडलं. निघताना त्याची आई, द्वारकाबाई, चटणीसाठी म्हणून पुडीत कारळं बांधत होती. तिनं एकच चौकशी केली.

“तिथं कावळे असतेत का रे?”

“न्हाईत.”

“मंग माणूस मेलं तर पिंडाला शिवतं कोण?”

“तिथं मरायची परवानगी न्हाई, माय.”

द्वारकाबाई हसली नाही. म्हणून पोचल्यावर त्यानं उपग्रहाच्या फोनवरून तिला मुद्दाम कळवलं, की इथं स्कुआ नावाचा एक पक्षी इथल्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या दिवाळीच्या सुमाराला, येतो. तपकिरी, घारीएवढा, लई आगाऊ.

“चोरून खातो का?”

“पेंग्विनची पिल्लं उचलतो.”

“मंग कावळाच की,” म्हातारी म्हणाली, आणि त्या रात्री म्हणे पोटभर जेवली.

पुढच्या ऑक्टोबरात समुद्रावरचा बर्फ दीड महिना आधीच फुटला. तळावरच्या जीवशास्त्रज्ञ रेवती मॅडम त्या बर्फावरची पेंग्विनांची वसाहत बघून आल्या आणि ताटावर नुसत्या बसून राहिल्या.

“पिल्लं बुडाली, काका. सगळी. अंगावर अजून कापसासारखी लव होती. ती भिजली की संपलं.”

मग त्यांनी बाकीचंही सांगितलं. बर्फाच्या खालच्या अंगाला शेवाळ धरतं, त्यावर कोळंबीसारखे बारीक जीव जगतात, त्यांच्यावर मासे, माशांवर पेंग्विन, आणि पेंग्विनांच्या पिल्लांवर स्कुआ. बर्फच राहिला नाही तर खालपासून वरपर्यंत उपास.

“म्हंजे इरजणच न्हाई, तर ताक कुठलं अन् लोणी कुठलं,” सटवाजी म्हणाला. मॅडमनी मान हलवली. जेवल्या मात्र नाहीत.

स्कुआ ठरल्या वेळी आले. खायला काही नव्हतं. एक जण स्वयंपाकघराच्या दाराशी बसू लागला; छातीचं हाड पिसांतून दिसायचं. दारावर सूचना होती : वन्यजीवांना खाऊ घालू नये. सटवाजी खरकटं डब्यात बंद करी, डब्याला कडी घाली आणि पक्ष्याकडं पाठ फिरवी.

नोव्हेंबरात द्वारकाबाई गेली. परतीचं विमान यायला अजून तीन आठवडे होते. दहाव्याला तळावर सकाळचे साडेसहा, शिरडला बारा. सटवाजी कणीक तिंबत होता. धाकट्या भावाचा, वैजनाथचा फोन आला.

“दादा, कावळा शिवून न्हाई राहिला. दोन तास झाले लिंबावर बसलाय. माझ्या पुनमचं लगीन लावतो म्हणलो, बांधाचं भांडण मिटवतो म्हणलो. बघतो अन् मान फिरवतो.”

मागून मावशीचा, निर्मलाबाईचा आवाज आला. “काहून शिवंल? तिचा जीव थोरल्यात आडकलाय. तिकडं कोणी शिवणारं हाय का, ह्योच घोर होता तिला. त्याला म्हणावं, तिकडल्या कावळ्याला ठिव.”

“ऐकलं का, दादा? माणसं उपाशी बसलीत. मायसाठी ठिव.”

सटवाजीनं दारावरची सूचना पाहिली. ती त्याला पाठ होती. मग न्याहारीच्या भातातला मूठभर घेऊन गोळा वळला. काळे तीळ नव्हते. आईनं दिलेली कारळं वर पेरली. फोन कानाला धरून दार उघडलं आणि गोळा बर्फावर ठेवला. हात मागं घ्यायची उसंतही मिळाली नाही. पक्ष्यानं चोच मारली ती बोटाला निसटती लागली.

“शिवला,” सटवाजी म्हणाला.

तिकडून असा गलका उठला की लिंबावरचा कावळा उडूनच गेला. त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

सटवाजी वळला तर मागं रेवती मॅडम उभ्या होत्या.

“काका, हे मला लिहावं लागेल.”

“लिवा. फकस्त ‘शिवला’ असं लिवा.”

“मी ‘खाल्लं’ असं लिहीन,” त्या हळूच म्हणाल्या.

पुन्हा त्याला कंत्राट मिळालं नाही. आता तो शिरडच्या थांब्यावर भजी तळतो. द्वारकाबाईचा पिंड ध्रुवावरच्या कावळ्यानं शिवला, ही गोष्ट आसपासच्या चार गावांत मानाची आहे. निर्मलाबाई सांगते तेव्हा तो पक्षी पांढराशुभ्र असतो आणि शिवण्याआधी पिंडाला प्रदक्षिणा घालतो. “बघितला ना रे तू?” ती विचारते. “व्हय,” म्हणून सटवाजी झारा हलवतो. घाणा संपेपर्यंत मान वर करत नाही.

पुढचं त्यानं वैजनाथलाही सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी तो पक्षी स्वयंपाकघरामागं मेलेला सापडला. मॅडमनी त्याचं पोट उघडलं तेव्हा सटवाजी शेजारी दिवा धरून उभा होता. आत थोडा भात होता आणि कारळं होती. दुसरं काही नव्हतं.