हलव्याची सतरावी माळ

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या ताईंइतकं दुसऱ्याच्या शिंकेवर प्रेम करणारं माणूस अख्ख्या दिल्लीत शोधून सापडणार नाही. लिफ्टमध्ये कुणी शिंकलं की आम्ही सगळे भिंतीला चिकटायचो आणि ताई एक पाऊल पुढे सरकून मायेने विचारायच्या, “बुखार भी है? कब से?” फरीदाबादच्या एका प्रयोगशाळेत त्या फ्लूची लस शोधत होत्या. विषाणूच्या एखाद्या तुकड्यासारखी साखळी, तिला पेप्टाइड म्हणतात, मणी ओवावेत तशी बनवायची, पांढऱ्या उंदरांना टोचायची आणि त्यांचं रक्त विषाणूला ओळखायला शिकतं का ते बघायचं. याच तंद्रीत मेट्रोत बसून त्या आठवड्यातून दोनदा तरी आपलं स्टेशन चुकवून थेट शेवटच्या बल्लभगढला पोचायच्या. गणपतीत आमच्याकडे आल्या की आधी मूषकाला हात जोडायच्या, मग बाप्पाला. “अगं, रोजचा संबंध याच्याशी,” म्हणायच्या.

माझ्या लेकीच्या बोरन्हाणाला हलव्याचे दागिने त्यांनीच केले. हार बघून सासूबाई चक्रावल्या. दोन पांढरे दाणे, एक केशरी, तीन हिरवे, मधेच एक गुलाबी, कशाचा कशाला मेळ नाही. “ही माझी सतरावी साखळी, अगदी त्याच क्रमाने,” ताई म्हणाल्या. “रिटायर होण्याआधीची शेवटची. उद्या रिपोर्ट आहे, म्हणून शकुनाला हिच्या गळ्यात घातली.” आधीच्या सोळांकडे उंदरांच्या रक्ताने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मी बाप्पाला साकडं घातलं, आणि त्याच्या वाहनालाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई दारात उभ्या राहिल्या, पर्स खांद्यालाच. “नाही ओळखलं गं.” आत लेकीने एकेक दाणा चोखत अर्धा हार संपवला होता. ताईंनी तिला मांडीवर घेतलं. “चलो, कुणाच्या तरी अंगी लागली,” म्हणून हसल्या.

एप्रिलमध्ये त्या नाशिकला भावाकडे गेल्या. लिफ्टमध्ये शिंकलं तर आता कुणी काही विचारत नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं. या संक्रांतीला त्यांचं पार्सल आलं. तसाच बेमेळ हार, फक्त गुलाबी दाण्याच्या जागी पिवळा. सोबत चिठ्ठी होती, “इथेच चुकत होतं बहुतेक. हा लावून बघायला हवा होता.”

लेकीने लगेच हात पुढे केला. मी आधी रंगांचा क्रम एका कागदावर नीट उतरवून घेतला आणि मगच हार तिला दिला.