डोक्यावरचा पदर

बसमध्ये सारखी चुळबुळ करणाऱ्या माणसांची मला चीड येते. सौंसरहून नागपूरला जाताना एक बाई शेजारी बसली आणि मांडीवरच्या तीन फायली खालीवर करत राहिली. एक कातडीची, एक थायरॉईडची, एक स्नायूंची. पापण्या जांभळट, बोटांच्या पेरांवर लाल चट्टे.

"सारे म्हणत, संत्र्यावरच्या फवारणीनं झालं," ती म्हणाली. "आता डॉक्टर म्हणते, तिन्हीचं मूळ एकच. शरीरच शरीराले खाऊन राहिलं."

बोरगावला एक म्हातारे गृहस्थ चढले. "चुलतसासरे," ती पुटपुटली. तिचा पदर डोक्यावरून घसरला होता. उजवा हात तिनं डाव्या हातानं रेटून वर नेला. तो खांद्यापर्यंत गेला आणि मांडीवर पडला. पुन्हा नेला, पुन्हा पडला. म्हाताऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

न राहवून मीच पदर तिच्या डोक्यावर ओढून दिला. माझी चीड कुठं गेली, कळलं नाही.

ती हळूच म्हणाली, "ताई, दोन वर्षांपासून गाव मले बेशरम म्हणून राहिलं. यातली कोणती फाईल दाखवू त्यायले?"