दरीतून आलेला क्रँक

लष्करात मी गाड्या दुरुस्त करायचो. अपघातातल्या गाडीचा क्रँक परत वापरायचा नाही, असा आमच्या वर्कशॉपचा शिरस्ता होता. त्यावर लाल पट्टा मारायचा आणि भंगारात टाकायचा, चर्चा नाही. सुटून सांगलीला आलो, गुळाच्या पेठेमागं पत्र्याची शेड घेतली, तेव्हा कळलं की इथला सगळा कारभारच त्या लाल पट्ट्याच्या पलीकडचा आहे.

मोठा दुष्काळ सरला त्या साली माझ्या थोरल्या भावाच्या ट्रकचा क्रँक तुटला. क्रँक म्हणजे इंजिनाचा कणा; तो गेला की बाकी नुसतं लोखंड. दादा गूळ आणि हळद भरून कराड, पाटण करत कुंभार्ली घाट उतरायचा आणि चिपळूणला माल टाकायचा. नव्या क्रँकसाठी नंबर लावला होता, पण तो कधी लागेल ते दुकानदारालाही ठाऊक नव्हतं. मग एका सकाळी दादा हातगाडीवर गोणपाटात गुंडाळलेला जुना क्रँक घेऊन आला, चेहरा असा की जणू सोयरीक जमवून आलाय. पाटणच्या पुढं दरीत गेलेल्या ट्रकचा होता तो.

"डायवर वाचला, किलीनर वाचला," दादा म्हणाला, "मग क्रँकलाच काय धाड भरलीया?"

मी तो दोरानं आढ्याला टांगला आणि हातोडीचा टोला दिला. आवाज खणखणीत आला. मग रॉकेलनं माखला, कोरडा पुसला आणि वरून पातळ चुना फासला. लोखंडात केसाएवढी जरी चीर असली तरी आत मुरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. चुना वाळेपर्यंत मी समोर उकिडवा बसून राहिलो. रेघ आली नाही. दुसरा कुणी असता तर चहा मागवला असता. मी क्रँक धुतला आणि सगळं पुन्हा केलं. तरी रेघ नाही. मला क्रँकचा राग यायला लागला. तोंडावर आपटलेल्या गाडीचं लोखंड आतून दुखावलेलं असतं, ते चुन्याला दिसत नाही, ते भरल्या गाडीलाच घाटात दिसतं. उतारावर ट्रकला आवरून धरतं ते इंजिन. तिथं क्रँक तुटला तर उरतात नुसते ब्रेक, आणि कुंभार्लीत ब्रेक किती वेळ टिकतात ते सगळ्यांना माहीत होतं.

मी नाही म्हणालो. लष्करानं तुला नुसता संशय घ्यायला शिकवलं, असं म्हणत दादा चहा न घेताच गेला. मी बरोबर होतो, तरी मन थाऱ्यावर नव्हतं. क्रँक कोपऱ्यात पडलेला, आणि माझी नजर घडोघडी तिकडंच.

आठवडा झाला असेल. वहिनी शेडवर आल्या. दादा दुसऱ्याच्या ट्रकवर रोजानं चिपळूणला गेल्याचं त्यांनी सांगितलं. कुणाचा ट्रक, असं मी विचारल्यावर त्यांनी मालकाचं नाव घेतलं. तो ट्रक मी पाहिला होता. त्याचा स्टेअरिंगचा सांधा बदलायला हवा, असं मी मालकाला बजावलं होतं, आणि मालकानं तो तारेनं बांधून नेला होता. म्हणजे मी भावाला आगीतून काढून फुफाट्यात टाकलं होतं, आणि वर स्वतःला शहाणा समजत होतो. दादा परत येईपर्यंत हातात पाना ठरेना. मी नाक्यावर जायचो, यायचो, पुन्हा जायचो. निदान या क्रँकची चिंता मी केली होती, दोनदा तपासला होता. त्या तारेची चिंता तर कुणी करतच नव्हतं.

दादा धुळीनं माखून परतला तेव्हा, क्रँक बसवतो, एवढंच मी म्हणालो. इंजिन जुळवताना एकेक बेअरिंग मी इतकं निरखलं, की त्याच वेळात दोन गाड्या झाल्या असत्या. गाडी सुरू झाली आणि दादानं नारळ फोडला. वहिनी खोबरं हातावर ठेवता ठेवता हळूच म्हणाल्या, "आवं भावजी, तुमी सोता बसाल का ह्या गाडीत?"

मी बसलो.

पाटणपर्यंत दादाची बडबड चालू होती. या वळणावरचा चहा, त्या गावातली भांडणं, सगळं. कोयनेच्या पुढं तो गप्प झाला. घाट लागला, त्यानं खालचा गिअर टाकला आणि इंजिन गुरगुरत गाडीला मागं ओढू लागलं. मी पायाखालच्या पत्र्यातून प्रत्येक ठोका ऐकत होतो. मधल्या एका वळणावर काहीतरी खडखडलं आणि मी दार घट्ट धरलं. हौद्यातला जॅक होता तो.

घाट उतरल्यावर दादानं गाडी कडेला घेतली. त्याच्या अंगातला सदरा भिजून पाठीला चिकटला होता. क्रँक चांगला चाललाय, आता कशाला घाबरतोस, असं मी विचारलं.

"क्रँकला कोण भ्यातंय रं," तो समोर बघत म्हणाला. "एकला आस्तो तर गाणं म्हणत उतारलो आस्तो. तू शेजारी बसलावतास."

तो क्रँक पुढं बरीच वर्षं चालला. दादानं मला मात्र त्या घाटात परत कधी बरोबर नेलं नाही.