आधी ओट्यावर, मग फळ्यावर

तिसरीच्या बाईंना शाळेत सगळे 'कशावरून बाई' म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण बाईंचे कान तिखट. कोणी काहीही सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न तोच. उद्या सुट्टी आहे? कशावरून? मुंग्यांना वास येतो? कशावरून? त्यांचा नवरा निवृत्त बसचालक. तो आल्यागेल्याला सांगायचा, "मुलगी पसंत आहे म्हणालो, तर हिने मलाही हेच विचारलं. अजून उत्तर शोधतोय."

बाईंचा एक नियम होता: आधी ओट्यावर, मग फळ्यावर. वर्गात जे शिकवायचं ते आदल्या दिवशी स्वयंपाकघरात स्वतः करून बघायचं. त्यापायी एकदा साखरेच्या डब्यात लोहचुंबक सापडला होता, आणि एकदा नवऱ्याच्या दाढीच्या मगात तीन आठवडे गोगलगाय राहिली होती. एकतीस वर्षांत हा नियम मोडला नव्हता. मोडला तो नेमका नको तेव्हा.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. नव्या मुख्याध्यापिकांनी त्यांना बोलावून घेतलं. बाईंपेक्षा त्या बऱ्याच लहान, बोलणं मोजूनमापून.

"बाई, एक पाठ इंटरनेटच्या मदतीने घेऊन दाखवा. मी मागे बसेन. जमलं तर तिसरी तुमच्याकडेच राहील. नाही जमलं तर पुढच्या वर्षीपासून ग्रंथालय सांभाळा. तेवढाच आराम."

ग्रंथालय म्हणजे जिन्याखालची खोली. दोन कपाटं, एक खुर्ची, आणि आठवड्यातून एकदा येणारी मुलं, तीही तोंडावर बोट ठेवून. जिथे कोणी काही विचारणारच नाही अशा खोलीत उरलेली नोकरी काढायची!

तशा त्या मोबाइलला घाबरणाऱ्यातल्या नव्हत्या. उलट एकदा शोधायला बसल्या की त्यांचा चहा गार व्हायचा. कोळी जाळं कुठून सुरू करतो, आवाज दिसतो का, कुठल्या कुठे जायच्या. अशीच त्यांना एक चित्रफीत सापडली: अंगणात रोवलेली काठी, भोवती मुलं, आणि एक गोड आवाजाची शिक्षिका चक्क आपल्या भाषेत सांगतेय, "बघा, दुपारी बारा वाजता सावली दक्षिणेकडे पडते."

बाई खूश झाल्या. पाठ्यपुस्तकात सकाळची आणि संध्याकाळची सावली होती, दुपारची कोणी दिलीच नव्हती. आता ओट्यावर करून बघायचं, तर थंडीच्या दिवसांत त्यांच्या ओट्यावर ऊन यायचं नाही. शिवाय तीन दिवस प्रोजेक्टरच्या वायरींनी खाल्ले. चित्र आलं तर आवाज नाही, आवाज आला तर चित्र उलटं. आणि इतक्या गोड आवाजात, आपल्याच भाषेत, कोणी चुकीचं कशाला सांगेल?

पाठाच्या दिवशी मुख्याध्यापिका फॉर्म घेऊन शेवटच्या बाकावर बसल्या. चित्रफीत छान चालली. मग बाईंनी मुलांना अंगणात नेलं, काठी रोवली, होकायंत्र ठेवलं. बाराला सावली पडली. उत्तरेकडे. सरळ, स्वच्छ, चांगली हातभर लांब.

"होकायंत्र बिघडलंय," एकजण म्हणाला. दुसरं आणलं. तेही तेच म्हणालं.

"बाई, त्या बाई खोटं बोलल्या," दोन वेण्यांची मुलगी म्हणाली. वर्गात तिला 'शंकासुर' म्हणत, आणि ती बाईंचीच पैदास होती असं स्टाफरूमचं मत.

मुख्याध्यापिकांचं पेन चालू होतं. 'काठी वाकडी आहे, चला वर्गात' म्हणून वेळ मारून नेता आली असती. एकतीस वर्षांचा अनुभव होता, मुलांनी मानही डोलावली असती. पण बाईंच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"मला माहीत नाही. मी हे करून बघितलंच नव्हतं. चूक माझी."

बाई चुकू शकतात ही बातमी मुलांना सावलीपेक्षा मोठी होती. मग शंकासुराने विचारलं, "बाई, पण त्यांचं अंगण कुठे आहे?"

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. हा प्रश्न आपल्याला का सुचला नाही?

सगळे वर्गात परतले आणि चित्रफीत पुन्हा लावली, या वेळी आवाज बंद करून. मुलं पडद्याला नाक लावून पाहू लागली. त्यातल्या मुलांच्या अंगात अर्ध्या बाह्या. एकजण कपाळाचा घाम पुसतोय. खाली तारीख गेल्या वर्षीची, पण महिना हाच. इकडे सगळा वर्ग स्वेटरात.

"या महिन्यात उन्हाळा कुठे असतो?" बाईंनी विचारलं. उत्तर त्यांनाही हवं होतं. तेवढ्यात घंटा झाली. मुख्याध्यापिका फॉर्म घेऊन निघून गेल्या.

घरी आल्या आल्या बाईंनी एका बोटाने चित्रफितीखाली लिहिलं, "आमच्याकडे सावली उत्तरेला पडली. तुमचं अंगण कुठे आहे?" मग बटाट्याच्या वरच्या अर्ध्यात एक आणि खालच्या अर्ध्यात एक टाचणी टोचली, नवऱ्याच्या हातात बॅटरी दिली.

"हलवू नका, सूर्य आहात तुम्ही."

"एवढा मान लग्नात नाही मिळाला," तो म्हणाला, पण बॅटरी स्थिर धरली.

वरच्या टाचणीची सावली वर पडली, खालच्या टाचणीची खाली. बाई ओट्याशी उभ्या उभ्या हसल्या, मग त्यांना एकदम रडू आलं. एवढं सोपं होतं, आणि वर्ग हातचा गेला होता.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. "अहो बाई, मी पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्यात राहते. वीस वर्षं झाली इथे येऊन. भाषा सोबत आणली, पण इथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो हे सांगायचं राहूनच गेलं. तुमच्या अंगणातल्या सावलीचा फोटो पाठवाल? माझ्या मुलांना ती खोटी वाटतेय."

त्याच्या दुसऱ्या दिवशी बाई बटाटा घेऊन वर्गात गेल्या. मुख्याध्यापिका न सांगता येऊन मागे बसल्या होत्या. हातात फॉर्म नव्हता. बॅटरी धरायला कोण येतं म्हटल्यावर पहिला हात त्यांचाच वर गेला. मुलं हसली तसा त्यांनी तो घाईने खाली घेतला.

आठवड्याने फॉर्म बाईंच्या टेबलावर आला. 'पाठाचं उद्दिष्ट वेळेत साध्य झालं का?' या रकान्यात लिहिलं होतं: नाही. खाली 'वर्ग यांच्याकडे ठेवावा का?' तिथे: ठेवावा. आणि 'कारण'च्या रकान्यात: 'माझी स्वतःची सावली दुपारी कुठे पडते हे मी पंचेचाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. आता रोज पाहते.'

बाईंनी डोळे पुसले. पण सवय ती सवय, जिभेवर 'कशावरून' आलंच. घड्याळात बारा वाजत होते. त्यांनी खिडकीतून डोकावलं, तर अंगणात मुख्याध्यापिका एकट्याच, हातात खडू घेऊन, उकिडव्या बसल्या होत्या.